पडवीवरची सुरंगी

पाध्यांच्या घरात दुपारची जेवणं उरकली, खरकटं निघालं, की ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायला लागत. मग आतल्या खोलीकडे तोंड करून मालिनीबाई हाक घालत, "आर्ये, आज काय म्हणत्ये गो तुझी ती सुरंगी?"

आर्या संगणकापुढे बसलेलीच असे. सलिलशी लग्न करून ती पावसला आली तेव्हा रुखवतात लाडूंच्या परातीशेजारी तिने आपला संगणक मांडला होता, आणि पावसच्या बायका अनारसे सोडून तोच बघायला जमल्या होत्या. सलिल रोज सकाळच्या एसटीने रत्नागिरीला कॉलेजात शिकवायला जाई, आणि ती घरी बसून तिथल्या छापखान्याची अक्षरजुळणी करी. त्या कामातून मान वर काढावीशी वाटली की ती 'पडवी'वर जाई.

'पडवी' हे मराठी माणसांचं संकेतस्थळ. कोणी दुबईहून येई, कोणी अमेरिकेतून, कोणी दापोलीतल्या सायबर कॅफेतून. कुणाची पुरणपोळी फुटलेली, कुणाला गावच्या पालखीची आठवण आलेली. पडवीवर येऊन टेकायचं तर एक नाव घ्यावं लागे, आणि बहुतेकांनी ते आपल्या मनाचं घेतलेलं. कोणी 'अर्धा चहा', कोणी 'उनाड वासरू', कोणी 'शेवटचा बाक'. या गोतावळ्यात गेल्या पावसाळ्यात एक सुरंगी येऊन बसली. ती फार बोलत नसे. चार-आठ दिवसांनी एखादी ओवी टाके, आणि तिच्याखाली माणसांची रांग लागे.

आर्या मोठ्याने वाचू लागली:

*आमटी उकळली, ताटात वाढली,*
*वाटीही चाटली, बोलेना कोणी!*

झोपाळा थांबला. मालिनीबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, वाचता येत नव्हतं, पण ऐकताना त्या डोळे असे बारीक करत की जणू अक्षरं समोर उभी आहेत.

"शाबास गो बाय!" त्या म्हणाल्या. "वाटी चाटूनपुसून खातात आणि तोंडातून 'बरी झाली' एवढं निघत नाही. हिची सासू मेली अगदी दगड असणार. एक शब्द बोलायला काय जिभेचं हाड मोडतं?"

माजघराच्या उंबऱ्याशी मोठी जाऊ, विमलावहिनी, फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हातातल्या आठळीचं साल मात्र त्या सोलतच राहिल्या, ते कधीच निघून गेलं होतं तरी.

आर्याने ओठ दाबून हसू गिळलं. कारण त्या दिवशीची आमटी विमलावहिनींचीच होती. आणि ओवीही.

हे गुपित घरात दोघीच जाणत होत्या. आर्या आल्यावर पहिल्या पावसाळ्यात मालिनीबाई कीर्तनाला गेल्या असताना विमलावहिनी तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या होत्या, "यात मराठी उमटतं होय? 'स' कसा काढायचा, दाखव बघू." वीस वर्षं त्या या घरात होत्या. वाडीवर खत घालणाऱ्या गड्यांच्या भाकऱ्या, कलमांची राखण, पेट्यांचा हिशेब, सणवार, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. माणूस असं बोलकं, की भाजीवालीशी घटकाभर हसतील. पण मनातलं कधी कुणाला दिसलं नव्हतं. तीन बोटांनी कळा शोधत शोधत त्यांनी जी पहिली ओळ उमटवली, ती वाचून आर्याच्या अंगावर काटा आला होता:

*माहेरी ठेविले, सासरी पुसिले,*
*तांदळी लिहिले, नाव माझे.*

"वहिनी," ती एवढंच म्हणाली होती, "हे तुम्ही कधीपासून करताय?"

"करत्ये कुठे? येतं. भांडी घासताना येतं, राखेबरोबर वाहून जातं. आज पहिल्यांदा थांबलं."

नाव काय घ्यायचं, हे विचारायचीही वेळ आली नाही. खिडकीबाहेरच्या सुरंगीकडे बघून वहिनींनी ते स्वतःच टाईप केलं. सुरंगीची तऱ्हाच वेगळी. इतर झाडं शेंड्याला मिरवतात. ही फांदीच्या जून सालीला बिलगून फुलते, पानांच्या आड. वासाने वाट चुकलेला माणूस झाडाखालून निघून जातो, त्याला फूल दिसत नाही. वहिनींनी त्यावरही पुढे ओवी केली होती, आणि ती पडवीवर सगळ्यांना पाठ झाली होती:

*फुलली फांदीला, बिलगून अंगाला,*
*वास गेला गावाला, झाड कुठे?*

आर्याला वाटे, माणसाने लिहावं तर असं. स्वतःला पुढे न ढकलता. आपण लग्नात नाव बदलू दिलं नाही, याचा तिला थोडा ताठा होता. वहिनींपुढे तो आपोआप खाली बसे. यांनी नावासाठी भांडण केलं नाही, तिसरंच नाव निर्माण केलं आणि त्यात घर बांधलं.

दोन हजार सातचा चैत्र लागला. आंबा तयार झाला, वाडीतल्या मांगरात, आंबे पेट्यांत भरायच्या त्या खोपटात, पेंढ्याचे ढीग पडले, आणि त्याच सुमाराला पडवीच्या दारावर पाटी लागली.

झालं होतं असं, की कुणा 'रानडुक्कर' नावाच्या इसमाने पडवीवरच्या एका मुलीला घाणेरडं लिहिलं. ती बिचारी रडून निघून गेली. चालकमंडळी चिडली, आणि चिडायलाच हवं होतं. त्यांच्यातला पुण्याचा अपूर्व नावाचा तरुण सगळ्यात सरळ मनाचा. त्यानेच पाटीचा मजकूर लिहिला: "तोंड लपवणाऱ्यांमुळे चांगल्यांना त्रास होतो. म्हणून एक मेपासून प्रत्येकाने आपलं खरं नाव आणि आडनाव लावावं. जे लावणार नाहीत त्यांचं खातं बंद होईल."

आर्याने ते वहिनींना मांगरात जाऊन सांगितलं. पेटीत पेंढा पसरून वहिनी आंबे लावत होत्या, देठ एका बाजूला, गाल एका बाजूला.

"मग संपलं," त्या म्हणाल्या.

"संपलं काय? नाव लावा ना! विमला पाध्ये. अहो, सगळ्या जिल्ह्याला कळू दे, या ओव्या कुणाच्या आहेत ते. माझं चाललं असतं तर मी रिक्षावर लाऊडस्पीकर लावून सांगितलं असतं."

वहिनी हसल्या. मग हातातला आंबा तसाच धरून म्हणाल्या, "जिल्ह्याचं मरू दे. मला एकच ऐकणारं माणूस आहे, ते झोपाळ्यावर बसतं. काल तू वाचलंस, तेव्हा आई म्हणाल्या, माझ्या मनातलं बोलली. वीस वर्षांत माझ्या तोंडचं एक वाक्य त्यांना असं लागलेलं नाही गं. उद्या तिथे विमला असं लिहिलेलं आलं, की त्यांना ओवी ऐकू येणार नाही. सून ऐकू येईल. आमटी म्हटलं की आमटीच दिसेल, सासू म्हटलं की स्वतःच. आणि मग त्या गप्प होतील. त्यांचं ते 'शाबास गो बाय' जाईल माझं."

 एवढ्या सुंदर लिहिणाऱ्या बाईला टाळ्या नको होत्या, दाद हवी होती. तीही एकाच माणसाची, आणि त्या माणसाला न कळता.

"मग दुसरं काही करू."

"काही करू नको. महिनाअखेरपर्यंत येईल तेवढं लिहीन. सुरंगीचा बहर तरी कुठे बारा महिने असतो?" असं म्हणून त्यांनी पेटीवर फळी ठेवली आणि खिळा ठोकला, नेहमीपेक्षा जरा जोरात.

दुपारी झोपाळा कुरकुरला. वहिनी मांगरातच होत्या. "काय म्हणत्ये गो सुरंगी?"

"ती जाणार आहे आता, आई."

"जाणार? कुठे? बाळंतपणाला?"

आर्याने पाटी वाचून दाखवली. मालिनीबाई पाय टेकून बसल्या. त्यांचं नाक लाल झालं. राग आला की त्यांचं असं होई.

"खरं नाव म्हणजे कुठलं?"

"म्हणजे... आपलं असतं ते."

"कुठलं आपलं? मी संगमेश्वराहून या घरात आले तेव्हा यांनी तांदळांच्या ताटात अंगठीने मालिनी लिहिलं. तोवर मी मैना होते. आठल्यांची मैना. मला तशी हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. शेवटचा माझा भाऊ होता. मग खरी मी कुठली, ते या पुण्याच्या शहाण्याने सांगावं!"

 लग्न होऊन वर्ष उलटलं, पण सासूचं हे नाव आर्या आज पहिल्यांदा ऐकत होती.

मालिनीबाई पुढे म्हणाल्या, "आमच्या आळीत पहाटे जाती चालत. एकीने अर्धी ओवी म्हणावी, दुसरीने पुरी करावी. नवरा, सासू, नणंद, दीर, सगळे त्या पिठात पडत. पण उजाडल्यावर विहिरीवर कोणी विचारायचं नाही, काय गो, पहाटे काय गायलीस? जात्यावरचं जात्यावर. तो नेम होता. सासवांनाही लागू. माझी आजेसासू कडक, पण अंथरुणात जागी असूनही कधी बोलली नाही, मी ऐकलं म्हणून. असं होतं म्हणून तर बायका गायल्या! नाव सांगून गा म्हटलं असतं, तर देवाच्या आरत्यांपुढे कोणी गेली नसती." त्यांनी दम घेतला. "मला त्या पडवीवर बसव."

"तुम्हाला?"

"का? म्हाताऱ्यांना बंदी आहे? नाव लिही मैना. आणि मी सांगत्ये ते लिही, तुझी शहाणपणाची भर घालू नको."

आर्याने लिहिलं. लिहिताना तिची बोटं मागे पडत होती. मालिनीबाईंनी जात्याची गोष्ट सांगितली, ताटातल्या तांदळांची सांगितली, आणि शेवटी म्हटलं, "रानडुक्कर बागेत शिरलं तर माणूस डुकराला हाकलतो. बाग तोडत नाही. सुरंगीला राहू द्या. आम्ही कोणी तिला ओळखत नाही, म्हणून तर आम्ही सगळ्या तिला ओळखतो."

संध्याकाळपर्यंत त्याखाली बायकाच बायका जमल्या. एकीने लिहिलं, माहेरची शेवंती, सासरची अनघा, कुठली हवी? दुसरीने लिहिलं, मला नवऱ्याने नवीन नाव दिलं आणि पुढे तोही गेला, नाव तेवढं राहिलं. 'अर्धा चहा' म्हणून जो होता, त्याने लिहिलं, मी सरकारी कचेरीत आहे, खऱ्या नावाने लिहिलं तर उरलेला अर्धाही जाईल.

विमलावहिनींनी ते रात्रीच्या भाजीची तयारी सोडून वाचलं. पदराने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "कोण गं असेल ही मैना? काय बाई बोलत्ये! आपल्या आईंकडचीच वाटते कोणी, संगमेश्वराच्या बाजूची."

आर्या म्हणणारच होती. शब्द जिभेवर आलाही होता. पण तिला दुपारचं ते वाक्य आठवलं, जात्यावरचं जात्यावर, आणि ती म्हणाली, "असेल हो."

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. विमलावहिनी मांगरात होत्या. आर्याने फोन उचलला तर पलीकडे अपूर्व. त्याचा आवाज जपून बोलणारा, सभ्य. पडवीच्या नोंदीत खरं नाव मैना आठल्ये लिहिलंय, पण तिथेच दिलेला हा फोन तर पाध्ये यांच्या नावावर आहे. म्हणून खात्री करायची होती.

"दे मला," म्हणत मालिनीबाईंनी रिसीव्हर ओढून घेतला. मोतीबिंदू डोळ्यांत होता, कान तिखट होते. समोरच्याचा शब्दन् शब्द बाहेरही ऐकू येत होता, कारण त्यांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता.

"आजी, नमस्कार. तुमचं खरं नाव काय?"

"मैना."

"पण रेशनकार्डावर वगैरे..."

"रेशनकार्डावर मालिनी. ते रॉकेल आणायला. तुला रॉकेल द्यायचंय का?"

पलीकडे हसू फुटलं, मग आवरलं. "तसं नाही आजी. पण असं दोन-दोन नावांनी आलं की आम्हाला वाटतं, माणूस बनावट आहे."

"बनावट! अरे, या देशातल्या अर्ध्या आया बनावट मग. तुझी आई आहे ना रे?"

"हो, आहे ना."

"तिचं माहेरचं नाव काय?"

फोनमध्ये नुसती खरखर ऐकू आली. आर्याला वाटलं, लाईन गेली.

"बोल की. सोपं विचारलंय."

"मला..." तो म्हणाला, "मला माहीत नाही, आजी. सगळे तिला सुनंदाच म्हणतात. मी कधी विचारलंच नाही."

मालिनीबाईंचा आवाज एकदम खाली आला. नातवाच्या केसांतून हात फिरवावा तसा. "विचार हो. रागावल्ये नाही मी. तू भल्यासाठीच करतोयस, ते कळतं मला. पण आधी तिला विचार, आणि मग ती पाटी परत वाच."

त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि झोपाळ्यावर जाऊन बसल्या. आर्या त्यांच्याकडे बघत राहिली. या बाईला ती इतके दिवस औषधाच्या वेळा सांगत होती, ऊन आहे बाहेर जाऊ नका म्हणून सांगत होती. आणि या बाईने झोपाळ्याजवळ उभ्या उभ्या, एका अनोळखी सुरंगीसाठी, पुण्याचा माणूस विरघळवला होता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाटी बदलली. अपूर्वने लिहिलं होतं, "नावाची अट मागे घेत आहोत. यापुढे आम्ही माणसाचं नाव तपासणार नाही, त्याचं लिहिणं तपासू. घाण दिसली की त्याच दिवशी काढू, लिहिणाऱ्यासकट. रानडुक्कर यांना आजच निरोप दिला आहे." आणि खाली एक ओळ, नियमांशी काही संबंध नसलेली: "माझ्या आईचं नाव कृष्णा आहे."

विमलावहिनींनी ती ओळ वाचली आणि पेंढ्याने भरलेल्या हातांनीच आर्याला मिठी मारली. आर्याच्या केसांत काड्या अडकल्या. बाहेरून वहिनींचे यजमान, परशुरामभावजी, ओरडले, "अगो, टेम्पो आलाय! पेट्या कोण देणार?" तेव्हा कुठे त्या सुटल्या.

त्या दुपारी, वहिनी मांगरात असताना, मालिनीबाईंनी आर्याला जवळ बसवून घेतलं. झोपाळ्याला आज झोका नव्हता.

"राहिली ना सुरंगी? मग तिला उत्तर द्यायला हवं. अर्धी ओवी कुणी म्हटली की दुसरीने गप्प बसायचं नसतं. तिने त्या आमटीचं लिहिलं होतं, त्याचं सासूकडून कोणी बोललंच नाही."

"तुम्ही तर तिच्या सासूला दगड म्हणालात!"

"म्हटलं. मग विचार केला. दगडाच्या आत काय असतं ते दगडालाच माहीत. माझीच गोष्ट घे. विमलच्या हातची आमटी खाऊन मी वीस वर्षं उठत्ये. तशी आमटी माझ्या आईलाही जमली नाही. पण आमच्याकडे सुनेची तोंडावर स्तुती करत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. दृष्टबिष्ट काही नाही गो. सवय नाही. लाज वाटते. तिला नाही सांगता यायचं मला. मैनेला येईल."

त्यांनी मांडीवर हात फिरवायला सुरुवात केली, गोल गोल, जात्याचा खुंटा धरल्यासारखा, आणि डोळे मिटून म्हटलं:

*जेवले पोटभर, सुख गेले उरभर,*
*शब्द मात्र ओठांवर, अडे बाई.*

*सुनेला म्हणू कशी, गुणाची तू गं अशी,*
*आवंढा घशापाशी, शब्दाआधी.*

आर्या उठून संगणकापुढे बसली, पण तिला कळा दिसेनाशा झाल्या. तिने अंदाजाने लिहिलं, तरी एकही अक्षर चुकलं नाही.

संध्याकाळी मालिनीबाई देवळात गेल्या. विमलावहिनी हात धुऊन संगणकापुढे येऊन बसल्या, आणि सुरंगीच्या जुन्या ओवीखाली मैनेचं उत्तर त्यांना दिसलं. त्यांनी ते हळू आवाजात वाचलं, एकदा चालीशिवाय, मग चालीवर. चाल आपोआप लागली.  बाहेर वाडीत कोणीतरी आंबे उतरवायच्या घळाची, जाळी लावलेली काठी कलमाला टेकवून ठेवली.

"आर्या, अशीही सासू असते होय गं?" त्या म्हणाल्या. "म्हणजे, आत असं असतं?"

आर्याने त्यांच्याकडे पाहिलं. दोघींच्या मधली ती एकटी, दोन्हीकडच्या ओव्या हातात घेऊन बसलेली. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पण मग उद्या दुपारी दोघी एकमेकींपुढे अवघडून बसल्या असत्या, नुसत्या सासू आणि सून.

"असते की," ती म्हणाली. "तुम्ही तिला पुढची ओवी घाला. ती वाट बघत असेल."

विमलावहिनींनी खुर्ची पुढे ओढली आणि तीन बोटं कळांवर ठेवली.